बेळगावात को-वर्किंगची जागा कशी ठरवावी: आधी माणसं, मग रस्ता, इमारत शेवटी

"जागा मिळालीय, आता पुढं काय करू?"

को-वर्किंग, म्हणजे वेगवेगळ्या लोकांना महिन्याच्या दरानं खुर्ची-टेबल देणारं सामाईक ऑफिस, काढायचं मनावर घेतलेल्या माणसाचा फोन बहुतेक वेळा याच वाक्यानं सुरू होतो. जागा काकांची असते, नाहीतर मित्राच्या कॉम्प्लेक्समधला दोन वर्षं रिकामा पडलेला दुसरा मजला. भाडं स्वस्त असतं. तो मजला दोन वर्षं रिकामा का होता, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

मीही हेच केलंय. वडगावच्या एका गल्लीत वरचा मजला पाहिला, भाड्याचा आकडा ऐकला आणि तिथंच टोकन दिला. गल्ली कशी शांत! नंतर कळलं की त्या दुपारी वीज गेलेली होती. वीज आली की शेजारचे यंत्रमाग एकदम सुरू व्हायचे. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका मुलाला बंगळूरच्या त्याच्या मॅनेजरनं मीटिंगमध्ये विचारलं, "तू रेल्वेत बसलायस का?" पुढच्या महिन्यात तो मुलगा घरूनच काम करायला लागला.

मागवाल्यांचा काही दोष नव्हता, ते तिथं माझ्या आधीपासून होते. चूक क्रमाची होती. आपण इमारतीपासून सुरुवात करतो आणि तिथं येणारी माणसं शेवटी शोधतो. खालचे टप्पे उलट्या दिशेनं जातात. एकही गाळू नका. गाळायचाच मोह झाला तर दुसरा गाळू नका एवढंच.

टप्पा १: तीस माणसांची यादी

वही घ्या आणि तीस नावं लिहा. नातेवाईक आणि जिवलग मित्र नकोत. ते "भारी कल्पना आहे" म्हणतात आणि येत नाहीत. बेळगावात प्रत्यक्ष राहणारी, लॅपटॉपवर पोट भरणारी माणसं हवीत. त्यांना "तुम्ही याल का?" असं विचारू नका. त्यावर आपल्याकडे एकच उत्तर येतं, "येऊ की!" त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा.

१. आत्ता काम कुठं बसून करता?
२. गेल्या महिन्यात घरी काम जमलं नाही असे दिवस किती, आणि का?
३. घरातून किती वाजता निघू शकता, आणि कशानं?
४. पैसे खिशातून देणार की कंपनी देणार?

चौथ्या प्रश्नावर पुष्कळ काही ठरतं. कंपनी पैसे देणार असेल तर तिला १८ टक्के जीएसटीचं रीतसर बिल लागतं. म्हणजे तुमची उलाढाल नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेखाली असली तरी नोंदणी करून घ्यावी लागेल. खिशातून देणाऱ्याला तोच १८ टक्क्यांचा बोजा खुपतो. कोणत्या प्रकारची माणसं जास्त निघतात ते आधी कळलं, तर दर आणि भाग दोन्ही नीट ठरतात.

बेळगावात साधारण पाच तऱ्हेची माणसं भेटतील. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत नोकरी करणारी, पण घरी परतलेली. सीए, करसल्लागार, आर्किटेक्ट, डिझायनर अशी स्वतःचं काम करणारी. कोल्हापूर, पुणे, हुबळीहून दोन दिवसांसाठी येणारे कंपन्यांचे प्रतिनिधी. इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, दोन-तीन जणांची कंपनी काढलेली पोरं. आणि अमेरिकेच्या वेळेवर रात्री काम करणारे. पाचही गटांना एकच जागा सोयीची पडत नाही. एक मुख्य गट धरा, दुसरा जोडीला घ्या, बाकीचे आले तर आले.

> सावध: स्पर्धा परीक्षेची मुलं हा सहावा गट नव्हे. त्यांना अभ्यासिका हवी असते, म्हणजे पूर्ण शांतता, कमी दर आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं दार. तुमचा ग्राहक दिवसभर फोनवर बोलणार. दोघांना एका हॉलमध्ये बसवलं की महिन्यात भांडण होतं, आणि दर अभ्यासिकेच्या पातळीवर घसरतो तो वेगळाच. दोन्ही चालवायचं असेल तर दारं वेगळी ठेवा, नावंही वेगळी ठेवा.

पडताळणी: तिसांपैकी दहा जण पाचशे रुपये आगाऊ द्यायला तयार आहेत का? पैसे खरोखर घ्या, जागा ठरली नाही तर परत करा. दहा होत नसतील तर पुढं जाऊ नका. अजून तीस नावं काढा.

टप्पा २: नकाशावर ठिपके, पण मिनिटांत

आता त्या माणसांची घरं नकाशावर मांडा. मुलांची शाळा किंवा रोजचा क्लास असेल तर तोही मांडा, कारण बरेच जण पोराला सोडून तसेच पुढं कामाला येतात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळा लेख तिच्यावर उभा आहे. पुण्यात माणूस पाऊण तास गर्दीत घालवून ऑफिसला जातो, कारण जावंच लागतं. तुमच्याकडे यायची सक्ती कुणालाच नाही. त्याच्या घरात टेबल आहे, वायफाय आहे, आईच्या हातचा चहा आहे. तुमची स्पर्धा दुसऱ्या को-वर्किंगशी नाही, त्या टेबलाशी आहे, आणि तिथं पोचायला शून्य मिनिटं लागतात. म्हणून माझी मर्यादा दुचाकीवर बारा ते पंधरा मिनिटांची. त्यापलीकडचा माणूस पहिला महिना येतो, दुसऱ्यात आठवड्याला दोनदा येतो, आणि तिसऱ्यात पैसे देताना तोंड वाकडं करतो.

मोठ्या शहरात मेट्रो स्टेशन किंवा आयटी पार्क पाहून शेजारी को-वर्किंग उघडतात, कारण तिथं ऑफिसांचीच गर्दी असते. ते पुण्यात बाणेरला चालतं, बंगळूरात कोरमंगलाला चालतं. बेळगावात असा एक ठसठशीत ऑफिसांचा भाग नाही. इथं जागा ठरते ती माणसं राहतात कुठं आणि त्यांची दिवसभराची कामं कुठं असतात, या दोन्हींच्या मध्ये.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. स्वतः गाडी काढा. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला, दोन्ही वेळा जाऊन या. रूळ ओलांडून यायचं असेल तर गेट पडण्याची वेळ धरा. टिळकवाडीच्या माणसाला पहिलं गेट, दुसरं गेट म्हणजे काय ते सांगायला नको. उड्डाणपुलानं काही ठिकाणचं थांबणं गेलं, पण वळसा आलाच. कॅम्पातल्या शाळा सुटताना रिक्षा आणि व्हॅनची रांग लागते, तीही घड्याळ लावून बघा.

पडताळणी: ठिपक्यांचे घोळके दिसतात का? एका वर्तुळात निम्म्याहून जास्त ठिपके बसत असतील तर भाग जवळजवळ ठरला. सगळीकडे विखुरले असतील तर तुम्ही पहिल्या टप्प्यात गट नीट धरलेला नाही. मागं या.

टप्पा ३: भाग ताडून पाहणे

हा माझा अंदाज आहे, तुमच्या ठिपक्यांपुढं त्याची किंमत कमी. तरी प्रत्येक भागाची एक खोड असते, ती आधी माहीत असावी.

*टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळची बाजू.* घरी परतलेले नोकरदार इथं सर्वांत जास्त सापडतात. खायला-प्यायला जवळ आहे, रात्री वर्दळ असते, मुलींना एकटीनं यायला अवघड वाटत नाही. खोड अशी की जुने बंगले पाडून झालेल्या इमारतींत खाली दुकानं आणि वर घरं असतात. घरवाल्यांना अनोळखी माणसांची ये-जा खपत नाही. भाडं ठरण्याआधी वरच्या दोन बिऱ्हाडांशी बोलून या.

*कॉलेज रोड, कॅम्प, चन्नम्मा सर्कलकडची बाजू.* कोर्ट, जिल्हाधिकारी कार्यालय, हॉटेलं, बसस्थानक हे सगळं या टापूत किंवा जवळ. बाहेरगावच्या प्रतिनिधींना आणि सल्लागारांना सोयीचं. पण कॅम्पातली बंगल्यांची जागा पाहताना थांबा. कॅन्टोन्मेंटमधल्या कित्येक मिळकती 'ओल्ड ग्रँट'च्या आहेत. जमीन सरकारची, हक्क फक्त बांधकामावर. राहत्या बंगल्यात धंदा सुरू करणं, पार्टिशन घालणं, पोटभाडेकरू ठेवणं यांत कॅन्टोन्मेंट बोर्डाचा प्रश्न येतो. मालक म्हणतो "कोण विचारत नाही," आणि नोटीस आली की तोच मालक फोन उचलत नाही.

*गाव.* म्हणजे गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली. बाजारपेठेत सगळ्यांना पत्ता माहीत, पण गाडी लावायला जागा नाही. वर गणेशोत्सवात रस्त्यात मंडप, विसर्जनाला रात्रभर मिरवणूक, शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक. आपल्याला तो आनंद असतो, पण ग्राहकाला त्या दिवशी क्लायंटशी बोलायचं असतं. गावात को-वर्किंग काढू नका, असं मी सरळ सांगतो. व्यापाऱ्यांसाठी तासावर मिळणारी एखादी मीटिंगची खोली चालेल.

*शहापूर, वडगाव, खासबाग.* मागाचा आवाज. माझी कथा वर आलीच आहे.

*उद्यमबाग, मच्छेची बाजू.* फौंड्री, मशिन शॉप, जीआयटी कॉलेज, पुढं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. कारखान्यांना भेटायला आलेला इंजिनिअर दोन तास बसायला जागा शोधत असतो आणि ती त्याला मिळत नाही. ही मागणी खरी आहे, पण रोजची नाही. इथं मोठा हॉल घेऊ नका. सहा-आठ खुर्च्या, एक मीटिंगची खोली, एक प्रोजेक्टर, बस्स. काळी धूळ आत येते, म्हणून खिडक्यांचा खर्च धरा.

*सदाशिवनगर, नेहरूनगर, महांतेशनगर.* केएलईचं हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज, शिवाय महामार्ग जवळ. डॉक्टर मंडळी खुर्ची घेणार नाहीत, पण मेडिकल कोडिंग (रुग्णांच्या नोंदी बिलासाठी सांकेतिक आकड्यांत लिहिणं) करणारे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, पीजीमध्ये राहणारी नोकरदार मुलं इथं आहेत. मला हा भाग टिळकवाडीखालोखाल भरवशाचा वाटतो.

*हलगा, महामार्गालगत.* सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, बघून बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर मोठं चित्र उभं राहतं. तिथं गजबज होते ती मुख्यतः हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच बंदोबस्त नि मोर्चांमुळं रस्ते अडलेले असतात. बाकी वर्षभर काय?

निपाणी, चिकोडी, खानापुरात मोठा हॉल चालणार नाही. आठ-दहा खुर्च्या पुरेत, आणि त्याही चालत्या धंद्याला जोडून, म्हणजे टॅक्सवाल्याच्या ऑफिसच्या वर किंवा झेरॉक्स-सायबरच्या मागच्या खोलीत. निपाणीकराला कोल्हापूर जवळ आहे, मोठ्या कामाला तो तिकडं जाणार. खानापुरात पावसाळ्यात झाड पडून तारा तुटतात, तिथं वीजेची सोय हाच तुमचा धंदा असेल.

टप्पा ४: स्वस्त जागेचा हिशेब

हे गणित करायच्या आत कुणालाही टोकन देऊ नका. आकडे कल्पित आहेत, तुमचे घाला.

समजा १,८०० चौरस फुटांची जागा. मीटिंगची खोली, पँट्री, वाट सगळं धरून मी एका खुर्चीला ६० चौरस फूट धरतो, म्हणजे ३० खुर्च्या. चांगल्या रस्त्यावर भाडं ३० रुपये फूट, म्हणजे महिना ५४,००० रुपये. वीज १२,०००, दोन नेट लाइनी ४,०००, दोन माणसांचा पगार ३२,०००, साफसफाई-चहा-पाणी ८,०००, किरकोळ ५,०००. एकूण १,१५,०००. एका खुर्चीचा दर ६,५०० ठेवला तर १८ खुर्च्या भरल्या की खर्च निघतो.

आता तेवढीच जागा आतल्या गल्लीत १८ रुपये फुटानं. भाडं ३२,४००. बाकी खर्च तेवढाच, कारण गल्लीत गेलं म्हणून वीज स्वस्त होत नाही आणि पगार कमी होत नाही. एकूण ९३,४००. खर्च निघायला १५ खुर्च्या.

म्हणजे ज्या स्वस्ताईपायी आपण गल्लीत शिरतो ती अवघ्या तीन खुर्च्यांची आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की चांगला रस्ता गल्लीपेक्षा तीन जास्त माणसं आणेल का? टप्पा २ मधले ठिपके समोर ठेवून उत्तर द्या. माझ्या वडगावच्या जागेत सर्वांत चांगल्या महिन्यातही अकरा खुर्च्या भरल्या होत्या.

> सावध: फर्निचर, वायरिंग, इन्व्हर्टर, अनामत यांचा खर्च या हिशेबात नाही. पहिले सहा महिने निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहणार असं धरून तेवढे पैसे बाजूला काढा. ते नसतील तर अर्धी जागा घ्या, शेजारचा गाळा पुढं घ्यायची बोली करा.

उलट बाजूही सांगतो. तळमजल्यावरच्या, रस्त्याला तोंड असलेल्या दुकानगाळ्याचं भाडं आपल्याला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. साडीच्या दुकानाला येता-जाता गिऱ्हाईक लागतं, आपल्याला नाही. आपला माणूस ठरवून येतो. चांगल्या रस्त्यावरचा पहिला मजला, ही आपली जागा.

टप्पा ५: रस्त्यावर उभं राहा

आता कुठं इमारती बघायला निघायचं. एका दिवशी तीनपेक्षा जास्त बघू नका, चौथीपर्यंत सगळ्या सारख्या दिसायला लागतात. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा जा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला, दुपारी चारला आणि रात्री नऊला. रात्रीची फेरी बहिणीला किंवा बायकोला बरोबर घेऊन करा आणि ती काय म्हणते ते लिहून ठेवा. दिवा नसलेला जिना, खाली उभं राहणारं टोळकं, बंद शटरांची रांग हे पुरुषाच्या नजरेतून सुटतं.

काय मोजायचं?

गाड्या लावायची जागा. ३० खुर्च्यांना निदान २० दुचाकी येतात. एका दुचाकीला दोन चौरस मीटर धरले तरी गाडी काढायची वाट सोडून सव्वाचारशे-साडेचारशे चौरस फूट लागतात. मालकाला विचारलं, "काका, पार्किंग किती?" तर ते हात पसरून म्हणाले, "हाय की रस्त्यावर! गाडी लावायला कोण नको म्हणतंय?" सगळेच नको म्हणतात. खालचा दुकानदार आधी, मग ट्रॅफिक पोलीस.

आवाज. खिडकीशी उभं राहून फोनवर पाच मिनिटं बोला आणि पलीकडच्याला विचारा काय ऐकू येतं. माग, वेल्डिंग, मंगल कार्यालय, शाळेचं मैदान, कुठलंही प्रार्थनास्थळ. ही सगळी बरी ठिकाणं आहेत, फक्त भिंतीला भिंत नको.

खाणं. पाच मिनिटांत चालत जाऊन चहा, दहा मिनिटांत जेवण. दुपारी घरी जेवायला गेलेला माणूस बेळगावात परत येत नाही, जरा पडतो, आणि मग पाच वाजतात.

वर्षातले अडचणीचे दिवस. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाची, गर्दी चन्नम्मा सर्कलला असते. सीमेचा वाद तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात आणि कोल्हापूरचा पाहुणा येत नाही. त्यावर तुमचं-माझं मत काहीही असो, जागा निवडताना मिरवणुकीच्या आणि मोर्चाच्या ठरलेल्या वाटेपासून एक रस्ता आत असावं.

टप्पा ६: इमारतीच्या आत

इथं वेळ घालवा. पुढं दुरुस्त न होणाऱ्या चुका इथंच होतात.

वीज. मालकाला पहिला प्रश्न: मंजूर भार किती किलोवॅटचा? तो हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलावर छापलेला असतो, म्हणून गप्पांपेक्षा बिल मागा. तीस लॅपटॉप आणि काही मॉनिटर मिळून तीन किलोवॅट, दीड टनाचे चार एसी मिळून साडेसहा, दिवे-पंखे-पंप दीड. झाले अकरा. गाळ्याचा मंजूर भार बरेचदा तीन-चार किलोवॅटचाच असतो. वाढवायचा तर अर्ज, अनामत, कधी नवी केबल. हा खर्च कोण करणार ते करारात लिहा. मीटर घरगुती दराचं असेल तर ते व्यावसायिक करून घेतल्याशिवाय एक दिवसही चालवू नका. दंड तुमच्या बोकांडी बसतो.

एक दिलासा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. एसीची खरी गरज मार्च ते मे. जागेला समोरासमोर खिडक्या असतील तर चारऐवजी दोन एसींवर भागतं. पुण्याच्या को-वर्किंगचे फोटो पाहून सगळीकडून काचबंद केलेली जागा घेऊ नका, वारा ही आपल्या गावची फुकटची सोय आहे.

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहणार, अशा भागवार बातम्या पेपरात येतात. शेजारच्या दुकानदाराला विचारा, गेल्या महिन्यात किती वेळा गेली आणि किती तास. चार तासांचा इन्व्हर्टर आणि आठ तासांचा जनरेटर यांच्या किमतीत फार फरक आहे. शिवाय जनरेटर ठेवायला हवेशीर जागा लागते, जिन्याखाली नाही.

नेट. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी. पण दोन्ही एकाच खांबावरून आल्या तर एक झाड पडलं की दोन्ही जातात. लाइनमनला चहा पाजा आणि विचारा, कोणाची केबल कुठल्या बाजूनं येते. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, व्हिडिओ कॉल तिथं अडकतो. शेजाऱ्याच्या वायफायवर सकाळी अकरा, दुपारी तीन, रात्री नऊ अशा तीन वेळा चाचणी घ्या. मोबाइलला आतल्या खोलीत सिग्नल येतो का तेही पाहा. जुन्या जाड भिंतींत तो मरतो आणि माणसं जिन्यात जाऊन बोलायला लागतात.

पाऊस. उन्हाळ्यात जागा पाहणारा फसतो. पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवा, नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांवर दिसला तर समजा. छतावर चढा, पाणी साचल्याचे डाग बघा. वर पत्रा असेल तर जुलैत एक शब्द ऐकू येणार नाही. शक्य असेल तर भर पावसात जागा पाहून मगच करार करा. घाई असेल तर खालच्या मजल्याच्या भाडेकरूला विचारा, मालकाला नको.

संडास. स्त्रियांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा, पाणी असलेला. "कॉमन आहे, मजल्यावर सगळ्यांना" हे उत्तर आलं की जागा सोडा. माझ्याकडून दोन मुली फक्त या कारणानं गेल्या आणि जाताना कारण भलतंच सांगितलं.

जिना. दोन माणसं समोरासमोर जाऊ शकतात का? बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? रात्री शटर कोण बंद करतो, आणि किल्ली तुमच्याकडे राहील का? रात्रपाळीचा गट धरला असेल तर किल्लीचा प्रश्न पहिला.

पडताळणी: या पाचांपैकी वीज आणि संडास यांत तडजोड नाही. बाकीच्या तिघांपैकी एकात पैसे घालून सुधारता येतं, दोनांत करावं लागत असेल तर पुढची इमारत बघा.

टप्पा ७: एक दिवस तिथं काम करा

हा टप्पा सगळे गाळतात. मालकाला सांगा, एक दिवस जागा वापरायला द्या, हवं तर दिवसाचं भाडं घ्या. यादीतल्या पाच जणांना बोलवा. प्लास्टिकच्या खुर्च्या, घरचं टेबल, एक डोंगल. सकाळी दहा ते सहा. कोण कशानं आलं, किती मिनिटं लागली, गाडी कुठं लावली, जेवायला कुठं गेलं, फोनवर बोलायला कुठं उठून गेलं ते लिहा. मालक नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते कळेपर्यंत टोकन खिशात ठेवा.

टप्पा ८: कागद

कागद बहुतेक कन्नडमध्ये असतील. कन्नड बोलता येणं आणि करार वाचता येणं यात फरक आहे. वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घ्या, "तेच आहे सगळं" यावर सही नको.

मिळकतीचा उतारा आणि घरपट्टीची चालू पावती मागा. उताऱ्यावर तीन भावांची नावं आणि बोलणी एकाशीच, हे आपल्याकडे नेहमीचं. तिघांच्या सह्या घ्या. त्या भागात व्यावसायिक वापराला परवानगी आहे का ते महापालिकेत विचारा, कारण पुढं ट्रेड लायसन्स तिथूनच लागणार. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी वेगळी.

करारात हे स्पष्ट हवं: जागेत इतरांना पैसे घेऊन बसवता येईल, आणि त्यांना जीएसटीसाठी हा पत्ता वापरायला मालक संमतिपत्र देईल. हे कलम नसेल तर तुमच्याकडे बसणारा प्रत्येक जण कराराबाहेरचा पोटभाडेकरू ठरू शकतो.

मुदत. अकरा महिन्यांचा करार सोपा म्हणून सगळे तोच करतात. पण तुम्ही लाखांचं फर्निचर घालणार आणि मालक बाराव्या महिन्यात दुप्पट भाडं मागणार. तीन ते पाच वर्षांचा करार करा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो, तो खर्च सोसा. दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहा. बंगळूरचं ऐकून कुणी दहा महिन्यांची अनामत मागितली तर घासाघीस करा. आणि 'लीज' हा शब्द मालक कुठल्या अर्थानं वापरतोय ते विचारा. कर्नाटकात मोठी रक्कम एकदम देऊन बिनभाड्यानं राहण्यालाही लीजच म्हणतात.

> सावध: पार्किंगची जागा, छतावर डिश किंवा सौर पॅनेल बसवायची परवानगी, रात्रीची किल्ली, फलकाची जागा हे सगळं तोंडी ठरतं आणि तोंडीच विसरलं जातं. चार ओळी जास्त लिहा.

फलकाचं शेवटी. कर्नाटकातल्या नियमाप्रमाणे फलकाचा ६० टक्के भाग कन्नड हवा, तोही वरच्या बाजूला. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी बसवा. रंगाऱ्याकडे जायच्या आधी माप घेऊन कागदावर आखणी करा, नाहीतर एकाच फलकाचे पैसे दोनदा जातात. मोबाइलच्या नकाशावर जागा टाकताना मात्र बेळगाव आणि बेळगावी दोन्ही लिहा. बाहेरून येणारा दोन्ही नावांनी शोधतो, आणि खूण म्हणून जवळच्या खुटाचं, म्हणजे चौकाचं, नाव टाका. रिक्षावाल्याला इमारतीचं नाव सांगून काही कळत नाही, खूट सांगितला की तो मीटर न टाकता निघतो.